मेळघाटची एका दिवसाची सहल: पाणी पाहायचं की प्राणी, हे आधी ठरवा

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावातून शिक्षिका असलेल्या ताईंनी विचारलं आहे: बचत गटातल्या बाया आणि घरची मंडळी मिळून आम्ही 34 जण आहोत. काही साठीच्या पुढच्या, काही लहान मुलं. मेळघाटचं राष्ट्रीय उद्यान आणि तिथले धबधबे गाईड घेऊन एका दिवसात पाहायचे आहेत, मुक्काम जमणार नाही. श्रावणात जावं की दिवाळीच्या सुमारास? एकच मोठी बस केली तर चालेल का? आणि वाघ दिसेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे ते एकदाचं डोक्यातून जाईल. बहुतेक नाही दिसणार. मेळघाट म्हणजे 1973 साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांपैकी एक. वाघ तिथे आहेतच. पण हे ताडोबासारखं मोकळं, तळ्याकाठचं जंगल नाही. एका डोंगराची घडी दुसऱ्यात गेलेली, मधे खोल दऱ्या. वाघ पन्नास पावलांवर असला तरी तो खालच्या नाल्यात आणि आपण वरच्या रस्त्यावर. गटातल्या सगळ्यांना हे निघण्याआधीच सांगून ठेवा. नाहीतर परतीच्या गाडीत "काहीच नाही दिसलं बाप्पा" एवढंच ऐकू येतं आणि समोरून गेलेला रानगवा कोणाच्या हिशेबातच धरला जात नाही.

आता मुख्य गोष्ट. ताई, तुम्ही एक सहल म्हणता, पण तुमच्या प्रश्नात दोन वेगवेगळ्या सहली आहेत आणि त्यांचे मोसम एकमेकांच्या विरुद्ध आहेत. गुगामल राष्ट्रीय उद्यान हे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातलं, साधारण 361 चौरस किलोमीटरचं. हा गाभा पावसाळ्यात, म्हणजे साधारण जुलै ते सप्टेंबर, पर्यटकांसाठी बंद असतो. आतले रस्ते कच्चे, नाले भरलेले, जिप्सी, म्हणजे सफारीची उघडी जीप, रुतली तर काढायला कोणी नाही. आणि धबधबे नेमके याच तीन महिन्यांत असतात. सातपुड्याचा हा काळा बेसाल्ट पाणी फार काळ धरून ठेवत नाही. पाऊस थांबला की ओढे झपाट्याने बारीक होतात. दिवाळीला धार उरते, होळीपर्यंत कड्यावर नुसता काळा ओला पट्टा. उलट प्राणी पाहायचे तर एप्रिल-मे चांगला. तोवर सागाची पानं गळून पडतात, नजर लांब जाते, जनावर पाणवठ्याला येतं. त्या वेळी धबधबा कोणता, तर कॅलेंडरवरचा.

म्हणून आधी गटात बसून ठरवा: पाणी की प्राणी. तारीख, गाडी, गाईड, खर्च सगळं त्यावर ठरतं.

आणखी एक घोळ दूर करतो. लोक चिखलदरा आणि राष्ट्रीय उद्यान एकच समजतात. चिखलदरा हे वरच्या पठारावरचं गाव, समुद्रसपाटीपासून साधारण 1,100 मीटरवर. भीमकुंड, पंचबोल, देवी पॉइंट ही जी नावं तुम्ही ऐकली आहेत ती या पठाराच्या कडेची ठिकाणं. ती पाहायला सफारी लागत नाही, म्हणून गाभा बंद असतानाही ती पाहता येतात. सफारीची मुख्य फाटकं मात्र डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, परतवाडा-धारणी रस्त्यावर सेमाडोह, कोलकास, हरिसाल या बाजूला. चिखलदऱ्याहून सेमाडोहला जायला घाटाघाटाने दीड तास धरा. हा दीड तास बऱ्याच जणांच्या नियोजनातच नसतो. मग दुपारच्या सफारीला पोहोचता पोहोचता जेवण राहतं आणि गाडीत चिडचिड सुरू होते.

तुमच्या गटात वयस्कर बाया आणि मुलं आहेत, मुक्काम नाही. माझं मत विचाराल तर पाण्याची सहल करा. श्रावणात किंवा त्याहून चांगलं म्हणजे सप्टेंबरच्या मध्याला, आठवड्यातल्या मधल्या दिवशी. ऑगस्टमधले शनिवार-रविवार आणि 15 ऑगस्टच्या आसपासचे दिवस टाळाच. अमरावती, अकोला, नागपूर सगळं तिकडेच लोटतं. घाटात गाड्यांची रांग लागते आणि भीमकुंडाच्या कठड्याला हात लावायला जागा मिळत नाही. शाळेमुळे तुम्हाला रविवारच सोयीचा असेल हे समजतं. पण पोळ्याची किंवा गौरी-गणपतीतली एखादी स्थानिक सुट्टी मधल्या वारी पडत असेल तर ती धरा.

दिवस कसा लावायचा ते सांगतो. पहाटे साडेचारला निघा. अंजनगाव सुर्जीवरून परतवाड्याला सहाच्या सुमारास पोहोचाल. (शकुंतला ही छोटी रेल्वे चालू असती तर बनोशाहून, म्हणजे दर्यापूरच्या स्टेशनावरून, अचलपूरपर्यंत गाडीत बसून आला असतात, पण ती आता आठवणीतच.) चहा आणि स्वच्छतागृह परतवाड्यातच उरका. बायांचा गट असला की ही गोष्ट जेवणाआधी ठरवायची असते, कारण घाट लागल्यावर नीट सोय थेट वर चिखलदऱ्यातच. डिझेलही इथेच भरा, आणि रोख रक्कम जवळ ठेवा. वर ऑनलाइन पैसे देताना नेटवर्क केव्हा दगा देईल सांगता येत नाही.

परतवाड्याहून वर जायला दोन वाटा आहेत, धामणगाव गढीवरून आणि घटांगवरून. धामणगाव गढीवरून चढा आणि घटांगवरून उतरा. गर्दीच्या दिवसांत पोलीस एकेरी वाहतूक लावतात, तेव्हा ते सांगतील तसं. घाट लागण्याआधी कोणाला तर्री-पोहे किंवा आलुबोंडे खाऊ देऊ नका. चिवडा, बिस्किटं, केळं एवढंच. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीटवर बसवा आणि आलेपाकाची वडी द्या. नाश्ता वर पोहोचल्यावर.

आठपर्यंत वर पोहोचलात की आधी लांबचा पॉइंट घ्या, गावाजवळचे नंतर. सगळी गर्दी जवळच्या ठिकाणी आधी थांबते, त्यामुळे सकाळी नऊला पंचबोलला तुम्ही आणि वारा एवढेच असता. तिथे दरीत आवाज दिला की तो परत परत फिरून येतो म्हणतात, मुलं ओरडणारच, ओरडू द्या. तिथून भीमकुंड. कीचकाला मारून भीमाने त्याला दरीत लोटलं आणि इथे हात धुतले अशी कथा सांगतात. गाईड ती रंगवून सांगेल. भीमकुंड वरून, दरीच्या या काठावरून पाहायचं आहे. खाली उतरायचं नाही.

इथे धुक्याबद्दल सांगायला हवं, कारण निम्मे लोक याच कारणाने नाराज परततात. तुम्ही कठड्याशी उभ्या राहता आणि समोर नुसता पांढरा पडदा. पाण्याचा आवाज येतोय, तुषार तोंडावर येताहेत, दिसत काही नाही. दहा मिनिटं थांबून लोक "चला, काही नाही इथं" म्हणून गाडीत बसतात. थांबा. वारा खालून वर येतो आणि धुकं एका बाजूने उचलायला लागतं. आधी समोरच्या कड्यावरची झाडं दिसतात, मग त्यांच्या खाली एक पांढरी रेघ, मग तिच्या शेजारी दुसरी, आणि मिनिटभरात अख्खी दरी उघडी पडते. दोन-तीन मिनिटांत ती परत झाकते. म्हणून तीन ठिकाणी दहा-दहा मिनिटं घालवण्यापेक्षा एका ठिकाणी पाऊण तास बसा. चटया न्या, चहाचा थर्मास न्या. सहा पॉइंट पाहिले म्हणून कोणी जास्त खूश होऊन घरी गेल्याचं मी पाहिलेलं नाही.

देवी पॉइंट मात्र चुकवू नका, आणि तुम्ही दर्यापूरकडच्या म्हणून तर नाहीच. खडकाच्या कपारीत देवीचं ठाणं आहे, वरच्या दगडातून पाणी ठिबकत असतं. तुमच्या दर्यापूरवरून जाणारी चंद्रभागा याच डोंगरातून निघते. ती पुढे पूर्णेला मिळते आणि पूर्णा चांगदेवजवळ तापीला. पठाराच्या पलीकडच्या उतारावरचं पाणी सिपना, खंडू, खापरा, गडगा, डोलार या नद्यांतून वेगळ्या वाटेने तापीलाच जातं. मुलांना हे नकाशा घेऊन तिथेच दाखवा, वर्गात दाखवून इतकं कळणार नाही. काठावर उभं राहून "हे पाणी आपल्या गावाकडे चाललंय" म्हटलं की बायाही वाकून पाहतात.

गाविलगड या सहलीत घेऊ नका. किल्ला मोठा आहे, पावसात दगड निसरडे, आणि गुडघेदुखीवाल्यांचं काम नाही. त्याची गोष्ट तेवढी गाडीत सांगा. 15 डिसेंबर 1803 ला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने हा किल्ला भोसल्यांच्या किल्लेदाराकडून, बेनीसिंगाकडून घेतला. दोन दिवसांत भोसल्यांशी देवगावचा तह झाला आणि 30 डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा. म्हणजे तुमची गाडी पहाटे ज्या गावातून जाईल, त्याच गावातला.

जेवण घरूनच बांधून न्या. पोळ्या, बेसन, ठेचा, कांदा. एखादं पातळ काही हवं असेल तर वरच्या हॉटेलवाल्याला आदल्या दिवशी फोन करून वरण-भात सांगून ठेवा. 34 जण ऐनवेळी दारात उभे राहिले की दीड तास गेलाच. चिखलदऱ्याची रबडी खा, आणि मोथा गावाच्या बाजूला गवळ्यांकडचा खवा मिळाला तर घरी न्या. कॉफीही वर पिकते, विदर्भात दुसरीकडे कुठे कॉफीची लागवड नाही. प्लास्टिकच्या पत्रावळी नेऊ नका. स्टीलच्या ताटल्या घ्या, धुवायला चार हात आहेतच.

साडेतीनला गाडी खाली निघाली पाहिजे. घाटात उजेड असतानाच उतरायचं. यात कोणाच्या आग्रहाला बळी पडू नका. ड्रायव्हरला "जरा दाबा" म्हणणारा एक तरी भाऊजी प्रत्येक सहलीत असतो. आमच्याकडचे जुने ड्रायव्हर त्याला एकच उत्तर देतात, "घाट काही पळून नाही चालला, बाप्पा."

पाण्याजवळच्या धोक्याबद्दल थोडं विस्ताराने, कारण दरवर्षी पावसाळ्यात कुठे ना कुठे जीव जातात आणि त्यात पोहता येणारेही असतात. पहिलं, या बेसाल्टवर पावसात शेवाळ धरतं. ओला दगड काळा दिसतो, शेवाळलेलाही काळाच दिसतो, फरक पाय टाकल्यावरच कळतो. चपला आणि गुळगुळीत तळाच्या सँडल नकोत. दुसरं, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या अंगाला पाऊस चालू असू शकतो. ओढ्यात उतरलेलं असताना पाणी एकदम गढूळ झालं, काड्या-पानं वाहून यायला लागली किंवा आवाज जाड झाला, तर सामान तिथेच टाकून बाहेर या. ही तीनही लक्षणं लोंढ्याच्या थोडी आधी येतात आणि तेवढाच वेळ आपल्या हातात असतो. तिसरं, वाटेतल्या रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही. घोट्याएवढं दिसतं म्हणून घालतात, पण खालचा रस्ता वाहून गेलेला असला तर दिसत नाही. तासभर थांबा, डोंगरी नाल्याचं पाणी चढतं तसं उतरतंही. आणि छत्र्या घरीच ठेवा. पठाराच्या कडेला वारा एवढा असतो की छत्री सावरणारा माणूस आपला पाय कुठे पडतोय हे पाहत नाही. रेनकोट घ्या.

आता गटाने "नाही, आम्हाला जंगलच पाहायचं" असं ठरवलं तर. मग ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ हा एकमेव असा आहे, ज्यात सफारी सुरू झालेली असते आणि भीमकुंडाला थोडी धार शिल्लक असते. पाऊस लांबला तर आतले रस्ते दुरुस्त व्हायला वेळ लागतो, त्यामुळे कोणती फाटकं उघडली आहेत हे बुकिंगआधी वनविभागाकडे विचारून घ्या. सकाळी चिखलदरा, साडेअकराला निघून दुपारी एकपर्यंत सेमाडोह, जेवण, मग दुपारची सफारी. ती संपते सूर्यास्ताच्या सुमाराला. तिथून परतवाडा, मग दर्यापूर, म्हणजे घरी पोहोचायला रात्रीचे साडेनऊ-दहा. लहान मुलांना आणि आजींना हे झेपणार नाही. चिखलदऱ्याजवळूनच वैराटच्या बाजूची सफारी त्या वेळी चालू असेल तर ती घ्या, डोंगर ओलांडून जायचा खटाटोप वाचतो.

म्हणूनच बसच्या प्रश्नाचं उत्तर: एक मोठी बस नको, वीस सीटच्या दोन ट्रॅव्हलर करा. घाटातल्या वळणांवर मोठ्या बसला मागे-पुढे करावं लागतं हे एक. खरा फायदा वेगळा. दोन गाड्या असल्या की दमलेली मंडळी तीनला घराकडे निघू शकतात आणि बाकीचे सफारीला जातात. एका बसमध्ये सगळे सगळ्यांसाठी अडकतात.

सफारीचा हिशेब माणशी नसतो, जिप्सीमागे असतो. एका जिप्सीत सहा पर्यटक, सोबत गाईड आणि चालक. तुम्ही 34 जण असाल तर पाच जिप्सींत 30 बसतात आणि उरलेल्या चौघांसाठी सहावी घ्यावीच लागते. तिच्या दोन रिकाम्या जागांचे पैसे सगळ्यांत वाटून जातात. म्हणून एक तर 36 करा, नाहीतर 30 वर थांबा. दर बदलत राहतात, तेव्हा जिप्सीचं भाडं, प्रवेश शुल्क, गाईडचं मानधन आणि मोठ्या कॅमेऱ्याचं शुल्क हे चार आकडे वेगवेगळे विचारा. कोणी आयोजक एकच ठोक रक्कम सांगत असेल तर त्यात या चारपैकी काय आहे ते कागदावर लिहून मागा. परवाना कोणाच्या नावाने निघाला आहे आणि पावसामुळे सफारी रद्द झाली तर पैशाचं काय, हेही. जो या दोन प्रश्नांवर "ते बघू ना ताई" म्हणतो, त्याला आगाऊ रक्कम देऊ नका.

गाईडचा उपयोग कसा करून घ्यायचा हे लोकांना माहीत नसतं. सफारीत तो सक्तीचाच असतो, म्हणून त्याला फाटक उघडण्यापुरता समजतात. हे बहुतेक जवळच्या गावांतले तरुण, बरेचसे कोरकू आदिवासी. तुमच्याशी हिंदी-मराठीत बोलतील, आपसात कोरकूत. "वाघ कुठाय?" हा प्रश्न सोडून काहीही विचारा. मातीत उमटलेला पंजा कालचा की आजचा हे कशावरून ओळखतोस? हे ओरखडे अस्वलाचे की वाघाचे? मोहाच्या दिवसांत अस्वलं गावाजवळ येतात का? सांबराने "ढँक्" असा एकच आवाज दिला की तो गाडी थांबवायला सांगेल, तेव्हा बोलणं तिथल्या तिथे थांबलं पाहिजे. भेकर आणि वानर यांचे इशारेही तो वेगळे सांगेल. आणि रानपिंगळा विचारा. 1884 नंतर शंभरावर वर्षं हा छोटासा घुबडाच्या जातीचा पक्षी नामशेष झाला असं धरून चालले होते. 1997 मध्ये तो शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी परत सापडला, आणि पुढे मेळघाटातही बऱ्यापैकी दिसला. तो दिवसाउजेडी हिंडतो, त्यामुळे वाघापेक्षा तो दिसण्याची शक्यता जास्त.

चिखलदऱ्यातल्या पाण्याच्या सहलीलाही स्थानिक गाईड घ्या, तिथे सक्ती नसली तरी. दोन गाड्यांना दोन. आदल्या आठवड्यात कोणता रस्ता खचला, कोणत्या पॉइंटचा कठडा तुटलाय, हे त्यांनाच माहीत असतं. जेवायला त्यांना आपल्या पंगतीत बसवा.

राहिलं ते नावांच्या यादीचं. सफारीच्या बुकिंगमध्ये प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक लागतो आणि फाटकावर मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं. आपल्याकडे निघायच्या आदल्या रात्री एकीकडे पाहुणे येतात, दुसरीचा बैल आजारी पडतो आणि तिच्या जागी जाऊबाई तयार होऊन उभी राहते. पाण्याच्या सहलीत हे चालून जातं, फाटकावर चालत नाही. म्हणून आधी पैसे जमा करा, मग नावं लिहा. आणि आधारकार्डं आदल्या दिवशी संध्याकाळीच एका पिशवीत गोळा करून ती पिशवी स्वतःकडे ठेवा.